कोरड्या घरातली पूरग्रस्त

शनिवार, १७ ऑगस्ट २०१९. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या आवारात दोन टेबलं मांडून आम्ही पुराची मदत वाटत होतो. एका टेबलावर यादी, दुसऱ्यावर किटं. यादी माझ्या पुढ्यात होती. रांगेतून चाळिशीची एक बाई पुढं आली, नाव सांगितलं. यादीत नाव नव्हतं. पत्ता विचारला तर राजेंद्रनगर.

"राजेंद्रनगरात पाणी कुठं आलं होतं?" मी विचारलं.

"घरात न्हाई आलं बाई. पण माझं सगळं गेलं. सकाळधरनं उभा हाय मी."

मागं रांग खोळंबली होती. ज्यांची घरं बुडाली त्यांच्यासाठीच ही मदत आहे, असं मी तिला सांगितलं. ती काही न बोलता बाजूला झाली आणि फाटकातून निघून गेली.

हे प्रकरण तिचं आहे आणि आमच्या मंडळीचंही, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचंही. तिला परत पाठवणारी मीच होते, म्हणून लिहिण्याची जबाबदारीही माझीच आहे असं मी मानते. कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

त्या ऑगस्टबद्दल कोल्हापूरकरांना फार सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहर तुटलं. उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यानं नळाला पाणी नाही. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट. पेट्रोल संपलं, एटीएम रिकामी झाली. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, पलीकडं चिखली आणि आंबेवाडी, सगळीकडं घरात पाणी शिरलं होतं.

आमची मंडळी तशी लहान. शिक्षक, परिचारिका, कारखान्यात जाणारे, काही निवृत्त. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्यापासून सुरू झालं. पुढं शाळा आल्या, दवाखाने आले. १८९४ साली मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं, त्यांच्या पत्नी मेरी यांच्या नावाचा दवाखाना कोल्हापुरात आहे. आमच्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे त्या बोर्डिंगांत शिकले, त्या दवाखान्यांत बरे झाले. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांना मिशनच्या आवारात पहिल्यांदा पाटी मिळाली, हे आमच्या घराघरांत सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण त्याच आवारातून आम्ही एक सवयही उचलली. देणारा टेबलाच्या आत बसतो, घेणारा बाहेर उभा राहतो आणि कुणाला काय लागतं ते आतला ठरवतो. आमच्या आजोबांच्या वेळी आम्ही बाहेर उभे होतो. २०१९ साली आम्ही आत बसलो होतो, आणि टेबल तेच होतं.

पहिल्या दिवसांतलं काम चांगलं झालं, ते आधी नोंदवते. हॉल उघडला, गॅस सिलिंडर गोळा केले. स्त्रीसंघाच्या बायकांनी रोज शेकड्यानं चपात्या लाटल्या. पिठलं, भात आणि चपाती घेऊन आमची पोरं निवारा केंद्रांवर जायची. कुंभार गल्लीच्या बाजूला गेलो तेव्हा तिथल्या तालमीचा एक तरुण पुढं आला. नमस्कार केला आणि सरळ म्हणाला, "काका, जेवण आणलं ते लई बरं केलं. पण पुस्तकं-पत्रकं वाटायची नाहीत हां." आमच्या पोरांपैकी एकाला राग आला. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, "दादा, वाटणार नाही. तू आमच्याबरोबर फिर, घरं तुला माहीत आहेत." तो पुढचे चार दिवस आमच्याबरोबर फिरला. कुठल्या माडीवर म्हातारी अडकली आहे, कुणाला साखरेचं इंजेक्शन लागतं, हे त्यालाच ठाऊक होतं. आमच्या कामातला सगळ्यांत उपयोगी माणूस तोच ठरला, आणि तो आमच्या मंडळीचा नव्हता.

पाणी उतरायला लागलं तेव्हा बाहेरगावच्या मंडळ्यांकडून सामान आलं, पैसे आले. मग किट बांधायची टूम निघाली. तांदूळ, डाळ, तेल, साबण, चादर. किट म्हटलं की यादी आली, आणि यादी म्हटलं की निकष. आम्ही निकष घेतला तो सरकारचाच: घरात पाणी शिरलेलं हवं. सरकारचं सानुग्रह अनुदान, शहरात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,०००, तेही बुडालेल्या घराच्या पंचनाम्यावरच मिळत होतं. सोपा निकष होता. तो चुकीचा ठरेल हे माझ्या मनातही आलं नाही.

रांगेजवळ पाणी द्यायला स्त्रीसंघातल्या एक मावशी उभ्या होत्या. वयानं माझ्याहून मोठ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. ती बाई फाटकातून बाहेर पडताना त्यांनी पाहिली. त्या मागून गेल्या, रस्त्यात गाठून नाव आणि घर विचारून आल्या. मला फक्त एवढं म्हणाल्या, "उद्या उपासनेनंतर आपण दोघी जाऊ."

गेलो. पत्र्याचं घर, कोरडं ठणठणीत. भिंतीवर दिनदर्शिका, कोनाड्यात देव, एका पोराची कॉलेजची बॅग. तिनं कोरा चहा केला, दूध नाही म्हणून ओशाळली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मग हळूहळू कळलं, की ती कुंभार गल्लीत एका कारखान्यात गणपती रंगवते.

हा धंदा कसा चालतो हे मला तोवर माहीत नव्हतं. जन्म कोल्हापुरात गेला, दरवर्षी त्या गल्लीवरून जाते, पण मूर्तीमागचे हात कधी पाहिले नव्हते. उन्हाळ्यात साचे भरायला लागतात. मूर्ती सुकली की पॉलिश पेपरनं घासायची, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिन्यांचं सोनेरी काम. डोळे सगळ्यांत शेवटी. घासकामाला नवख्या बायका चालतात, डोळे आखायला मुरलेला हातच लागतो. "डोळं माझ्याकडं असत्यात," ती म्हणाली, आणि त्या एका वाक्याला तिची मान ताठ झाली. मजुरी नगावर. बहुतेक कमाई शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत होते, आणि त्या कमाईच्या भरवशावर जूनमध्ये कारखानदाराकडून उचल घेतलेली असते. तिनं १४,००० घेतले होते, मुलाच्या प्रवेशासाठी. तिच्यासारख्या आणखी तिघी त्याच कारखान्यात होत्या. एक शेजारच्या गल्लीत, दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाला. चौघींची घरं कोरडी. चौघींची मिळून उचल ४६,०००.

कारखान्यातल्या मूर्ती माळ्यावर चढवल्या होत्या. दरवर्षी पाणी येतं तेवढ्या हिशेबानं. या वेळी पाणी माळ्यावर चढलं. शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला. प्लास्टरच्या उभ्या राहिल्या, पण भिजून ठिसूळ झालेल्या, हात लावला की बोट गळायचं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. आम्ही तिच्या घरी बसलो होतो १८ ऑगस्टला.

"मालक वाईट न्हाईत," ती म्हणाली. "त्यांनी अजून एका शब्दानं उचल मागितल्याली न्हाई. पण त्यांचंच सगळं गेलंय, तर मी कुठल्या तोंडानं गप बसू?"

सरकारी दप्तरात ती पूरग्रस्त नव्हती, आमच्याही नव्हती. पाणी तिच्या उंबऱ्यापर्यंत आलं नाही, पण तिची वर्षाची मजुरी घेऊन गेलं. आणि ती आमच्या दारात तांदळासाठी आलीच नव्हती. रांगेत उभं राहिलं तर कुणी तरी ऐकेल, एवढ्यासाठी आली होती. ऐकायच्या जागेवर मी यादी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि मी कारखानदारांना भेटलो. पन्नाशीचा माणूस, गुडघाभर गाळात उभा राहून साचे धूत होता. घरगुती गणपती लोक बसवणारच, मागणी आहे, असं त्यांचं म्हणणं. पेणकडून पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती आणता आल्या तर दहा दिवसांत रंगवून देता येतील. पण माल रोखीनं मिळतो, आणि बुकिंगचा आलेला इसार भरणीतच संपला होता. मोठ्या मूर्तींचं तर नावच नको. पुरामुळं अनेक मंडळं त्या वर्षी साधेपणानं उत्सव करणार होती. मी विचारलं, भांडवल मिळालं तर चौघींना काम द्याल का? त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. "बाई, तुम्ही चर्चच्या. आम्ही गणपती करतो. तुम्हाला चालतंय हे?"

मला उत्तर देता आलं नाही.

हा प्रश्न त्याच रात्री कमिटीपुढं आला. ही बैठक या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

पुअर फंडात पैसे होते. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या रविवारी वेगळं दानार्पण होतं ते, शिवाय पुरासाठी आलेली रक्कम. मी मांडलं की कारखानदाराला भांडवल द्यावं, म्हणजे चौघींना काम मिळेल. तरुण मंडळी लगेच तयार झाली. मग मंडळीच्या वडीलजनांपैकी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी, सर्वांत ज्येष्ठ होते ते बोलले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो.

आबा म्हणाले, "माझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले. गावानं त्यांना पाण्याला महाग केलं. विहिरीवर जाऊ देत नव्हते, आधीही नव्हते, नंतरही नाही. तरी ते मागं फिरले नाहीत. आता त्यांच्या नातवानं प्रभूच्या दानातून मूर्ती विकत आणायच्या? त्या बाईला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. पण हे माझ्याच्यानं होणार नाही."

कुणी हसलं नाही, कुणी त्यांना जुनाट म्हटलं नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते. आबांच्या बोलण्यात दुसऱ्या धर्माचा द्वेष नव्हता. त्यांच्या घराण्यानं ज्या गोष्टीची किंमत मोजली तिची आठवण होती. एक तरुण म्हणाला, "पण आबा, भुकेला धर्म नसतो." आबा म्हणाले, "भुकेला नसेल, माझ्या हाताला आहे." हॉलमध्ये बराच वेळ शांतता होती.

पाळकसाहेबांनी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला आठवा अध्याय काढला. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल पौल तिथं लिहितो. मूर्तीत काही नाही हे ज्ञान ज्याला आहे त्यानं, ज्याच्या मनाला ते खटकतं अशा भावाला ठेच लागेल असं वागू नये, असा त्याचा रोख आहे. "आबांच्या मनाला ठेच लावून मी ठराव करणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण ती बाई पंधरा दिवस थांबूही शकत नाही. दोन्ही खरं आहे. मार्ग शोधा."

मार्ग मावशींनी काढला, तोही अगदी साध्या प्रश्नातून. "त्या बाईला नेमकं काय लागतं? मूर्ती तिच्या नाहीत, धंदा तिचा नाही. तिच्या डोक्यावर आहे ती उचल. आपण उचल फेडू."

चौघींची ४६,००० ची उचल मंडळीनं फेडायची. पैसे चौघींच्या हाती द्यायचे, त्यांनी मालकाला द्यायचे. मालकाच्या हाती रोख येईल. त्या रोखीचं काय करायचं, हा त्यांचा धंद्याचा प्रश्न. पुढं काम मिळालं तर चौघींची मजुरी पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरी येईल, उचलीत वळती होणार नाही.

हा वळसा आहे, पैसा शेवटी मूर्तींतच जाणार, असं एकानं म्हटलं, आणि पुढंही काहींनी मला ऐकवलं. मला तसं वाटत नाही. कर्ज त्या बायांचं होतं. कर्जातल्या माणसाला मोकळं करणं आमच्या शास्त्रात किती जुनं आहे, हे सातव्या वर्षाच्या सुटकेचा नियम वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. आणि दुकानदाराचं देणं आपण फेडलं, तर दुकानदार त्यातून काय माल भरतो हे आपण कधीच विचारत नाही. पहिली पावती आबांनी फाडली, स्वतःच्या पेन्शनमधून. फंडातून नको, माझी माझ्या नावानं लिहा, म्हणाले.

२१ तारखेला चौघी कारखान्यात गेल्या आणि पैसे मालकांपुढं ठेवले. आमच्यापैकी कुणी बरोबर गेलं नाही. जायचं नाही, असं ठरवलंच होतं. फोटो नाही, मंडळीच्या वार्तापत्रात बातमी नाही. आधीच्या किटांच्या वाटपाचे फोटो आम्ही काढले होते, त्यात लोकांनी खाली घातलेल्या माना आता मला बघवत नाहीत.

मालकांनी मूर्ती आणल्या. किती आणल्या, किती फायदा झाला, हे मी विचारलं नाही. चौघींना त्या दहा दिवसांत रात्रपाळीसकट काम मिळालं. नेहमीच्या हंगामाएवढी कमाई झाली नाही, पण मुलाचं कॉलेज सुटलं नाही.

इथवरचं ऐकून लोक म्हणतात, छान झालं. पण माझ्या लेखी खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते इतकं सुरळीत झालं नाही.

ऑक्टोबरात कमिटीनं मदतीची यादी लिहायच्या वहीचा विषय घेतला. यादी कुणी करायची? पाळकसाहेबांनी प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय वाचला. यरुशलेमातल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी सात माणसं नेमायला सांगितली. आम्ही हे लहानपणापासून वाचलंय. त्या सातांची नावं मात्र नीट वाचली नव्हती. स्तेफन, फिलिप्प, अंत्युखियाचा नीकलाव... सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं होतं. त्या अर्थानं पाहिलं तर आमची यादी आमच्या हातात असणं हाच दोष होता.

म्हणून मदत समितीत मंडळीबाहेरच्या तिघांना घ्यायचं ठरलं. तालमीचा तो तरुण, राजेंद्रनगरची ती बाई आणि सुतारवाड्यातली एक भाडेकरू. पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागतं आणि भाडेकरू सुटतात, हे तिनं सांगेपर्यंत आम्हाला सुचलंही नव्हतं. ठरावाला विरोध झाला. पैसा मंडळीचा आणि बोलणार बाहेरचे, हे काहींना पटलं नाही, आजही पटलेलं नाही. दोन कुटुंबांनी पुअर फंडाला देणं थांबवलं. एक वर्षभरानं परतलं, एक नाही.

वहीत एक रकाना वाढला: "काय गेलं?" त्यापुढं घर, माल, मजुरी, कागद, माणूस. कागद हा शब्द त्या बाईनं घालायला लावला. पुरात शिधापत्रिका, आधार, मृत्यूचे दाखले भिजून गेलेली माणसं कितीतरी होती, आणि कागदावाचून कुठलीच योजना हलत नाही.

तिच्या स्वतःच्या कागदांचं सांगते. विधवा म्हणून ती संजय गांधी निराधार योजनेत बसत होती. तेव्हा महिना १,००० रुपये मिळायचे, २०२३ पासून १,५०० झाले. सहा वर्षं तिनं अर्जच केला नव्हता, कारण कुणी सांगितलं नव्हतं. अट अशी होती की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिना १,७५०. मजुरी करून पोराला शिकवणाऱ्या बाईचं उत्पन्न एवढं कमी दाखवायचं, तर एक तर खोटं बोला, नाही तर उपाशी असल्याचं सिद्ध करा. मला ही अट अन्यायाची वाटते आणि ते मी स्पष्ट लिहिते. पतीचा मृत्यूचा दाखला पुन्हा काढणं, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, यासाठी मावशी तिच्याबरोबर कितीतरी वेळा कचेरीत बसल्या. पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसरा २०२० च्या टाळेबंदीत अडकला. मंजुरी आली तोवर दीड वर्ष उलटलं होतं. किट बांधायला आम्हाला दोन दिवस लागले होते, तीस माणसं आली होती. कचेरीत बसायला एक मावशी होत्या, अधूनमधून मी.

२०२० साली महामारीमुळं मूर्तींच्या उंचीवर मर्यादा आली, सार्वजनिक चार फूट, घरगुती दोन फूट. कारखानदारांचं त्यातही नुकसान झालं. या वेळी चौघींनी उचल घेतली नव्हती. त्यांनी आपसात भिशी सुरू केली होती, आमच्या मदतीशिवाय, आम्हाला न सांगता. मला ती समितीच्या बैठकीत सहज बोलण्यातून कळली.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ओलांडली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. समितीची सदस्य म्हणूनच बोलत होती. "बाई, मालकांच्या मूर्ती हलवायला पायजेत. माळ्याचा भरवसा न्हाई. चर्चचा हॉल उंचावर हाय. चार दिवसांसाठी मिळंल का?"

मी पाळकसाहेबांना फोन केला, त्यांनी आबांना. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हॉलमध्ये नको रे. मला विचारू नका परत." आणि फोन ठेवला. पाळकसाहेबांनी ठराव टाकला नाही. मंडळीतल्या एका कुटुंबाचं मोटारीचं गॅरेज चढावर रिकामं होतं, तिथं त्या रात्री टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. तालमीच्या पोरांनी मूर्ती उतरवल्या, आमच्या पोरांनी टॉर्च धरले. सगळ्या मूर्ती मावल्या नाहीत. उरलेल्या माळ्यावरच राहिल्या आणि त्यातल्या बऱ्याच गेल्या.

पुढच्या बैठकीत तिनं वहीत स्वतःच्या अक्षरात नोंद केली: गेलेल्या नगांचा आकडा, चौघींची बुडालेली मजुरी, आणि खाली, "हॉलचं ठरवायचं राहिलंय." आबा त्या बैठकीला होते. त्यांनी नोंद वाचली, खाली सही केली आणि वही तिच्याकडं परत दिली.